डॉक्टरांनी निदान लिहिलंय, लॅबमध्ये मात्र ते दिसत नाही. ऑडिटमध्ये एरर कोणावर टाकायची?

फाईलवाचक यांनी विचारलं:

नमस्कार मंडळी. मेडिकल कोडिंगमधून (चार्ट वाचून निदानांना कोड देणं) अलीकडेच इनपेशंट ऑडिटला आलोय, म्हणजे दाखल रुग्णांचे कोड तपासायला. काम अमेरिकेतल्या हॉस्पिटल्सचं, म्हणजे आयसीडी-१०-सीएम (निदानांचे कोड), डीआरजी (त्या कोडवरून ठरणारा पैशाचा गट) वगैरे. एका चार्टवरून टीममध्ये सरळ दोन तट पडलेत आणि रिपोर्ट द्यायची वेळ आलीये, म्हणून इथे विचारतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

रुग्णाचं वय सत्तरच्या पुढे, न्यूमोनिया म्हणून दाखल. घरी काही दिवस अन्नपाणी नीट गेलं नव्हतं. दाखल होताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) १.३, दुसऱ्या दिवशी १.२, डिस्चार्जच्या दिवशी १.१. आधीच्या एका व्हिजिटमधली जुनी लॅब सापडली, तीही १.१. डॉक्टरांनी एच अँड पीमध्ये (दाखल करतानाची तपासणी-नोट) एकेआय, म्हणजे मूत्रपिंडाचं काम अचानक बिघडणं, असं लिहिलंय: 'डिहायड्रेशनमुळे एकेआय, आयव्ही फ्लुइड्स सुरू, रीनल फंक्शनवर लक्ष ठेवणे'. पुढच्या सगळ्या प्रोग्रेस नोट्समध्ये तीच ओळ जशीच्या तशी. डिस्चार्ज समरीत 'एकेआय, बरं झालं'.

कोडरने एन१७.९ (एकेआयचा कोड) दिला. चार्टवर दुसरा एकही सीसी (गुंतागुंत किंवा सोबतचा आजार म्हणून डीआरजी वाढवणारं निदान) नाही, त्यामुळे या एका कोडने डीआरजी १९५ वरून १९४ वर, म्हणजे जास्त पैशाच्या गटात गेला. माझ्या लीडचं म्हणणं, 'क्रिएटिनिन फक्त ०.२ ने वाढलंय, हा एकेआय नाहीच. कोड काढ आणि डीआरजी एरर लाव.' कोडरला हे कळलं तेव्हा त्याने रिबटल (लेखी आक्षेप) पाठवलं. त्यात एकच मुद्दा: आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत गाइडलाइन्सचा सेक्शन एक-ए-१९. डॉक्टरांनी निदान आहे म्हटलं की ते पुरेसं, कोडरने निकष तपासायचे नाहीत.

मला दोघांचंही पटतं आणि तिथेच अडकलोय. गाइडलाइन कोडरच्या बाजूने आहे हे दिसतंय. पण मग ऑडिटर नेमका कशासाठी? डॉक्टरांनी लिहिलेलं आणि कोडरने दिलेलं जुळलं की टिक मारायची, एवढंच असेल तर हे काम कोणीही करेल. आणि जुळत नाही असं दिसलं, तर मी चार्टचा 'अर्थ लावायचा' म्हणजे कुठपर्यंत लावायचा?

दुसरंही एक विचारायचंय, आउटपेशंटचं, पण आधी याचं उत्तर मिळू दे.


रोजचा_कोडर यांचं उत्तर:

भाऊ, मी कोडरच्या बाजूने बोलणार, आधीच सांगतो.

९५ टक्के अचूकतेची अट आमच्या डोक्यावर असते. एक डीआरजी एरर लागली की महिन्याचा स्कोअर खाली. मग मी काय करायचं, डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं निदान कोड करायचं नाही? तसं केलं तर पुढचा ऑडिटर 'डॉक्युमेंटेड असून सुटलं' म्हणून एरर लावतो. दोन्हीकडून आम्हीच.

इथे बघा: निदान लिहिलंय, कारण लिहिलंय, उपचार दिलेत, लक्ष ठेवलंय. दुय्यम निदान रिपोर्ट करायला सेक्शन तीनमध्ये जे लागतं, म्हणजे क्लिनिकल इव्हॅल्युएशन, उपचार, तपासणी, मुक्काम वाढणं किंवा नर्सिंगचं काम वाढणं, यातलं एक असलं तरी पुरतं. इथे तीन आहेत. कोडरने त्याचं काम बरोबर केलंय. तुमच्या लीडना एकेआय पटत नसेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारावं.


जुनी_ऑडिटर यांचं उत्तर:

फाईलवाचक, प्रश्न फार नीट मांडलात. 'कुठपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे.

तुमच्या टीममध्ये दोन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात बोलले जातायत, म्हणून भांडण मिटत नाहीये. पहिला: जे लिहिलंय त्यावरून हा कोड बरोबर बसतो का? दुसरा: जे लिहिलंय त्याला चार्टमध्ये वैद्यकीय आधार आहे का? पहिला कोडिंगचा, दुसरा क्लिनिकल व्हॅलिडेशनचा. एक-ए-१९ गाइडलाइन्समध्ये आली ऑक्टोबर २०१६ पासून, आणि त्याच वर्षाच्या चौथ्या तिमाहीच्या कोडिंग क्लिनिकमध्ये (कोडिंगचं अधिकृत सल्ला-नियतकालिक) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे स्पष्ट केलं गेलं. कोड डॉक्टरांच्या विधानावरून ठरतो, निकषांवरून नाही. पण म्हणून हॉस्पिटलने निदानाचा आधार तपासायचाच नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. उलट ते काम वेगळ्या वाटेने करा, असाच त्याचा रोख आहे.

त्यामुळे तुमच्या चार्टचं माझं उत्तर: कोडरवर एरर नाही. एन१७.९ तुम्ही स्वतःच्या अधिकारात काढायचा नाही. लीडनेही नाही. आपण निदान करत नाही, तसंच निदान पुसतही नाही. पण चार्ट तसाच पुढेही सोडायचा नाही. तो क्लिनिकल व्हॅलिडेशनसाठी वर पाठवायचा, आणि ऑडिट शीटवर कोडिंग एररच्या रकान्यात नव्हे, वेगळ्या शेऱ्यात तशी नोंद करायची. तुमच्या शीटला असा रकाना नसेल तर तो मागून घ्या, अगदी आग्रहाने. रकाना नसतो म्हणूनच अशी प्रकरणं कोडरच्या माथी मारली जातात, आणि रोजचा_कोडर म्हणतायत तो राग खरा आहे.

आता 'हा एकेआय नाहीच' या वाक्याकडे येते. हे वाक्य ऑडिटरच्या तोंडी शोभत नाही. केडिगोचे (मूत्रपिंडाच्या आजारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्था) निकष आपल्याला पाठ असतात: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं, किंवा ७ दिवसांच्या आत बेसलाइनच्या (रुग्णाच्या नेहमीच्या पातळीच्या) दीडपट होणं. आणि तिसरा? लघवी ताशी दर किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी, सलग ६ तास. लॅबचा टॅब उघडून दोन आकडे वजा करणारे बहुतेक जण हा तिसरा बघतच नाहीत, कारण तो लॅबमध्ये नसतो, नर्सिंगच्या इनटेक-आउटपुट फ्लोशीटमध्ये असतो. तुम्ही बघितलात का? शिवाय बेसलाइन १.१ ही कोणी ठरवली? तुम्हाला एक जुनी लॅब सापडली म्हणजे ती बेसलाइन झाली असं नाही. त्या वेळीही रुग्ण आजारी असू शकतो. ती कशासाठी केली होती ते बघा.

म्हणजे ऑडिटर फार तर एवढंच म्हणू शकतो: 'निदान कशाच्या आधारे केलं ते नोंदीतून दिसत नाही.' हे आणि 'निदान चूक आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी चार्ट कसा वाचते ते सांगते, उपयोग झाला तर बघा. डिस्चार्ज समरी मी सगळ्यात शेवटी उघडते. सुरुवात इमर्जन्सीच्या नोटपासून, मग एच अँड पी, मग प्रोग्रेस नोट्स तारखेच्या क्रमाने, प्रत्येक दिवसाच्या नोटशेजारी त्याच दिवशीची लॅब आणि औषधं दिल्याची नोंद. समरी आधी वाचली की सगळं आवरून ठेवलेलं घर दिसतं आणि मग आपण नकळत त्या समरीला दुजोरा देणाऱ्या ओळीच शोधत बसतो. क्रमाने वाचलं की निदान कोणत्या दिवशी पहिल्यांदा आलं, कोणी आणलं, कधी बदललं, कधी गायब झालं, ते दिसतं.

कॉपी झालेल्या नोट्स अशाच पकडता येतात. नोटमध्ये चौथ्या दिवशीही 'क्रिएटिनिन १.३' असं लिहिलेलं असतं आणि त्या दिवसाची लॅब १.१ म्हणत असते. ती ओळ त्या दिवशी कोणी विचार करून लिहिलेली नाही, पहिल्या दिवसाची ओढत आणलेली आहे. त्यामुळे 'चार नोट्समध्ये एकेआय आहे' हा पुरावा चार नोट्सचा नसतो, एकाच नोटचा असतो. तुमच्या चार्टमध्ये तीच ओळ जशीच्या तशी आहे म्हणालात, तर हे जरूर तपासा.

'संशयित' निदानांचंही असंच. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी 'प्रॉबेबल', 'लाइकली', 'कन्सिस्टंट विथ' असं लिहिलं असेल तर ते असल्यासारखं कोड होतं. पण डिस्चार्जच्या वेळी, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी 'प्रॉबेबल सेप्सिस', कल्चर निगेटिव्ह आलं, अँटिबायोटिक बदललं, आणि नंतर सेप्सिसचं नावच नाही, तर तो कोड बसत नाही. तेच शब्द आउटपेशंटच्या नोटमध्ये आले तर मुळीच कोड करायचं नाही, लक्षणं कोड करायची. आणि इनपेशंटमध्येही एचआयव्ही, कोविड अशांना हा नियम लागू नाही, तिथे खात्री झालेलंच हवं. इथे मात्र चूक झाली तर ती सरळ कोडिंग एरर आहे आणि ती लावायलाच हवी. रोजचा_कोडर, हे तुम्हालाही मान्य होईल.

आता एवढं सगळं का करायचं? अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या ओआयजी या तपास कार्यालयाचा २०२० चा अहवाल आहे, गंभीर कुपोषणाच्या कोडवर, म्हणजे ई४१ आणि ई४३. २०० क्लेम तपासले, त्यांतले १७३ चुकीचे निघाले, आणि त्यावरून मेडिकेअरने सुमारे १०० कोटी डॉलर जास्त दिल्याचा अंदाज काढला. ते क्लेम कोडरनी मनाने बनवले होते असं नाही. कुठेतरी तो शब्द चार्टमध्ये आलेला असतो आणि नंतर कोणीच त्याच्याकडे वळून बघितलेलं नसतं. कुपोषणाच्या चार्टमध्ये मी नेहमी डाएटिशियनची नोट आणि डॉक्टरांची नोट शेजारी ठेवते. डाएटिशियन 'सिव्हिअर' म्हणते आणि डॉक्टर गप्प, तर कोड नाही, कारण निदान प्रोव्हायडरचंच (उपचार करणाऱ्या डॉक्टरांचंच) लागतं. बीएमआयचा आकडा तेवढा तिच्या नोटमधून घेता येतो, तोही संबंधित निदान डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच. डॉक्टर 'सिव्हिअर' आणि डाएटिशियन 'मॉडरेट', तर ही विसंगती, क्वेरी करा, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारा. एक-ए-१९ मध्ये पुढे वाक्य जोडलं गेलंच आहे की नोंदींमध्ये विसंगती असेल तर प्रोव्हायडरला विचारा. तुमच्या कोडरने रिबटलमध्ये हे वाक्य उद्धृत केलं होतं का, तेही बघा. अर्धी गाइडलाइन पाठवायची सवय दोन्ही बाजूंना असते.

मला यात खरंच तळमळ वाटते ती दुसऱ्या कारणाने. एकदा कोड लागला की ते निदान त्या माणसाच्या नावावर राहतं. पुढच्या ॲडमिशनला कोणीतरी 'पूर्वी एकेआय' असं वाचतं आणि औषधाचा डोस ठरवताना ते धरून चालतं. त्यामुळे खोटं निदान राहू देणं आणि खरं निदान पुसणं, दोन्ही सारखीच गंभीर.

फ्लोशीट बघून सांगा.


फाईलवाचक:

मॅडम, मनापासून आभार. फ्लोशीट उघडली आणि चित्रच बदललं.

रुग्णाचं वजन ७८ किलो. पहिल्या रात्री आठ तासांत लघवी २१० मिली. म्हणजे ताशी साधारण २६ मिली, किलोमागे ०.३४ च्या आसपास. नर्सने रात्रीच डॉक्टरांना कळवल्याची नोंद आहे आणि त्यानंतर ५०० मिलीचा बोलस (एकदम सोडलेलं आयव्ही फ्लुइड) दिलाय. सकाळपासून प्रमाण सुधारलं. यातलं एकही अक्षर डॉक्टरांच्या नोटमध्ये नाही. आणि तुम्ही म्हणालात तसंच, शेवटच्या प्रोग्रेस नोटमध्येही 'क्रिएटिनिन १.३' आहे, लॅब मात्र १.१.

रिबटल पुन्हा वाचलं, विसंगतीचं वाक्य त्यात नाही.

मग आता क्वेरी करू की नको? आधार तर सापडला.


क्वेरीवाली_सिस्टर यांचं उत्तर:

मी क्लिनिकल डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, त्याआधी वॉर्डात नर्स होते. फ्लोशीट कोणीतरी वाचली याचा आनंद झाला. रात्रपाळीला दर तासाला मोजून लिहिलेले ते आकडे असतात.

क्वेरी करा. आधार तुम्हाला सापडला, पण तो डॉक्टरांचा आधार होता की नाही हे तुम्ही ठरवू शकत नाही. कदाचित त्यांनी क्रिएटिनिनवरूनच एकेआय म्हटलं असेल. शिवाय उद्या पेअरचा, म्हणजे पैसे देणाऱ्या विम्याचा, रिव्ह्यूअर बसेल तेव्हा तो आधी लॅब बघेल, तुमच्या लीडसारखंच ०.२ म्हणेल आणि डिनायल (पैसे नाकारल्याचं पत्र) पाठवेल. डॉक्टरांच्या शब्दांत कारण असेल तर अपील करायला काहीतरी हातात राहतं.

फक्त क्वेरी कशी लिहिता याला फार जपा. एहिमा आणि एसीडीआयएस (कोडिंग आणि डॉक्युमेंटेशनच्या व्यावसायिक संस्था) यांचं क्वेरी प्रॅक्टिसचं मार्गदर्शन आहे, २०२२ मध्ये सुधारलेलं. त्याचा गाभा असा की क्वेरीने डॉक्टरांना उत्तराकडे ढकलायचं नाही आणि पैशाचा, डीआरजीचा, क्वालिटी स्कोअरचा उल्लेखही करायचा नाही. मथळ्यातसुद्धा नाही. 'एकेआय निकष पूर्ण होत नाहीत, कृपया काढावे' ही क्वेरी नव्हे, हा हुकूम झाला. 'लघवी कमी होती म्हणून एकेआय बरोबर आहे ना?' हेही तितकंच वाईट, फक्त उलट्या दिशेने.

मी असं लिहिलं असतं:

'एच अँड पी, प्रोग्रेस नोट्स आणि डिस्चार्ज समरीत डिहायड्रेशनमुळे एकेआय अशी नोंद आहे. क्रिएटिनिन: दाखल होताना १.३, दुसऱ्या दिवशी १.२, डिस्चार्जला १.१, आधीची उपलब्ध नोंद १.१. पहिल्या रात्री लघवी आठ तासांत २१० मिली, वजन ७८ किलो. उपचार: आयव्ही फ्लुइड्स, ५०० मिली बोलस. आपल्या वैद्यकीय मतानुसार या रुग्णाच्या मूत्रपिंडाची स्थिती कृपया स्पष्ट करावी.'

खाली पर्याय: एकेआय होता, आणि त्याचा वैद्यकीय आधार असा (पुढे लिहायला मोकळी जागा), एकेआय नव्हता, शक्यता वगळली; एकेआयशिवाय डिहायड्रेशन; अन्य; वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही.

सगळे आकडे दिलेत बघा, निदानाच्या बाजूचे आणि विरुद्धचे. बाजूचेच दिले असते तर ती ढकलणारी क्वेरी झाली असती. आणि 'हो की नाही' असा प्रश्न चार्टमध्ये नसलेल्या नव्या निदानासाठी कधीच विचारू नका.

डॉक्टरांनी 'एकेआय, सहमत' एवढंच लिहून परत पाठवलं तर? असं सर्रास होतं. तेव्हा पुन्हा पुन्हा क्वेरी करत बसायचं नाही. हॉस्पिटलच्या एस्कलेशन पॉलिसीप्रमाणे ते फिजिशियन ॲडव्हायझरकडे (हॉस्पिटलचे सल्लागार डॉक्टर) जातं, डॉक्टर डॉक्टरांशी बोलतात. ऑडिटरने किंवा कोडरने मध्ये पडायचं नाही.

आणखी एक. बिल गेल्यानंतर क्वेरी करायची असेल तर आधी त्या हॉस्पिटलची पॉलिसी वाचा, मुदत आणि कारणं सगळीकडे सारखी नसतात.


फाईलवाचक:

सिस्टर, मजकूर जवळजवळ तसाच वापरतो. लीडलाही फ्लोशीट दाखवली, त्यांनी एरर मागे घेतली आणि व्हॅलिडेशनसाठी वेगळा रकाना मागण्याचं मान्य केलं.

आता दुसरा प्रश्न. आउटपेशंट फॉलो-अप व्हिजिट. असेसमेंटमध्ये 'हायपरटेन्शन, स्टेबल'. बीपी १५८/९६. प्लॅनमध्ये लिसिनोप्रिल (बीपीचं औषध) १० वरून २० मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी बीपी तपासणी. दुसरी तक्रार नाही, लॅब नाही. कोडरने व्हिजिटच्या लेव्हलचा कोड ९९२१४ (मॉडरेट) दिलाय. दुसऱ्या ऑडिटरचं म्हणणं, डॉक्टरच स्टेबल म्हणतायत, एकच स्टेबल क्रॉनिक आजार म्हणजे लो, म्हणून ९९२१३. डॉक्टरांचा शब्द पाळायचा हे वर शिकलो, मग इथेही पाळायचा ना?


जुनी_ऑडिटर:

नाही. इथे वाट वेगळी आहे, आणि का वेगळी ते समजून घ्या.

एक-ए-१९ निदानाच्या कोडबद्दल आहे. निदानाचा कोड इथे आय१० (हायपरटेन्शन), त्याबद्दल वादच नाही. स्टेबल लिहा, अनकंट्रोल्ड लिहा, आय१० च राहतो. प्रश्न आहे तो व्हिजिटच्या लेव्हलचा, आणि तिथे 'स्टेबल' या शब्दाची व्याख्या सीपीटीनेच (व्हिजिट आणि प्रक्रियांच्या कोडचा संच) करून ठेवली आहे. २०२१ च्या ऑफिस व्हिजिटच्या बदलांसोबत ती आली. स्टेबल म्हणजे त्या विशिष्ट रुग्णाच्या उपचाराचं उद्दिष्ट गाठलेलं असणं. उद्दिष्ट गाठलं नसेल तर तब्येत महिनोन्महिने तशीच असली, जिवाला तातडीचा धोका नसला, तरी तो आजार स्टेबल धरत नाहीत.

डॉक्टर बोलीत 'स्टेबल' म्हणतात तेव्हा बहुतेकदा 'घाबरण्यासारखं काही नाही' एवढंच म्हणायचं असतं. त्याच नोटमध्ये त्यांनी डोस दुप्पट केलाय आणि चार आठवड्यांनी बोलावलंय. उद्दिष्ट गाठलं असतं तर डोस वाढवला नसता. म्हणजे उपचाराचं उद्दिष्ट न गाठलेला एक क्रॉनिक आजार, प्रॉब्लेम मॉडरेट. औषध बदललं, प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट, रिस्क मॉडरेट. प्रॉब्लेम, डेटा, रिस्क या तीनपैकी दोन झाले, लॅब नसली तरी चालेल. ९९२१४ टिकतो.

पण हे मी नोटमधल्या कृतीवरून म्हणतेय, बीपीच्या आकड्यावरून नाही. तोच १५८/९६ असता आणि प्लॅनमध्ये 'औषध तेच चालू, घरची रीडिंग्ज चांगली आहेत, इथे घाबरल्याने वाढतं' असं असतं, तर मी स्टेबलच धरलं असतं. आकडा बघून 'हे कंट्रोलमध्ये नाही' असं ठरवणं म्हणजे पुन्हा तुमच्या लीडचं ०.२ वालं गणित.

अनकंट्रोल्डवरून आठवलं, डायबेटिसमध्ये मात्र या शब्दाने कोड अडतो. 'अनकंट्रोल्ड डायबेटिस' म्हटलं की कोडची सूची, म्हणजे इंडेक्स विचारतो, साखर वाढलेली की कमी झालेली? हायपरग्लायसेमिया आणि हायपोग्लायसेमिया यांचे कोड वेगळे. ग्लुकोज ३१० दिसतंय म्हणून कोडरने हायपरग्लायसेमिया धरून चालायचं नाही, ते डॉक्टरांनी लिहायला हवं. लिहिलं नसेल तर क्वेरी. असे चार्ट ऑडिटला आले की मी कोडिंग एरर लावते, कारण इथे कोडरने निदानाचा अर्थ स्वतः लावलेला असतो.


रोजचा_कोडर:

हे मान्य. एक विनंती ऑडिटर लोकांना. शेऱ्यात नुसतं 'डॉक्युमेंटेशन सपोर्ट करत नाही' असं लिहू नका. चार्ट दोनशे पानांचा असतो, आम्ही काय शोधायचं?


जुनी_ऑडिटर:

बरोबर आहे. फाईलवाचक, तुमच्या दोन चार्टचे शेरे मी असे लिहिले असते:

पहिला. 'एन१७.९: कोडिंग एरर नाही. निदान एच अँड पी, प्रोग्रेस नोट्स व डिस्चार्ज समरीत प्रोव्हायडरने नोंदवलेलं आहे, सेक्शन एक-ए-१९. क्लिनिकल व्हॅलिडेशनसाठी पाठवलं: क्रिएटिनिन १.३, १.२, १.१, पहिल्या रात्रीची इनटेक-आउटपुट फ्लोशीट, आठ तास २१० मिली, प्रोव्हायडरच्या नोटमध्ये निदानाचा आधार लिहिलेला नाही, शेवटच्या प्रोग्रेस नोटमधलं क्रिएटिनिन त्या दिवसाच्या लॅबशी जुळत नाही. डीआरजी १९४ केवळ या सीसीवर अवलंबून. क्वेरीचं उत्तर येईपर्यंत निष्कर्ष राखीव.'

दुसरा. '९९२१४: मान्य. हायपरटेन्शन, उपचाराचं उद्दिष्ट गाठलेलं नाही (प्लॅनमध्ये लिसिनोप्रिल १० वरून २०, चार आठवड्यांनी फेरतपासणी). असेसमेंटमधला "स्टेबल" हा शब्द सीपीटीच्या व्याख्येशी जुळत नाही. प्रोव्हायडरला सूचना: बीपीचं उद्दिष्ट आणि सद्यस्थिती नोटमध्ये लिहावी.'

डीआरजीचं वाक्य ऑडिट शीटवर चालतं, सिस्टरने सांगितलंय तसं क्वेरीत ते जाऊ द्यायचं नाही. दोन्ही कागद एकाच फोल्डरमधून डॉक्टरांकडे जात असतील तर शीट आधी बाजूला काढा.


फाईलवाचक:

एकाच फोल्डरमधून जात होते. आजच वेगळे करून घेतो. क्वेरीचं उत्तर आलं की इथे टाकतो.